लेकुरवाळीला सोडायचं

बायडाबाईच्या हातावर कुणी प्रसादाचा पेढा ठेवला, तरी ती आधी तो उलटा करून बघायची. स्वभावच तसा, त्याला औषध नाही. दूध आलं की दुधात बोट, वाण्याकडं गेली की तराजूच्या तळाशी नजर, आणि दारात पाहुणा आला की त्याच्या मागं आणखी कोण आहे ते बघायला मान लांब. वाडीतली माणसं तिला हसायची, पण मनातून वचकून असायची. धरणाच्या काठावर राहणाऱ्या माणसांना आजवर ज्यानं त्यानं गंडवलेलं, तेव्हा आपल्यात एक तरी डोळे उघडे ठेवणारी बाई असावी, असं सगळ्यांना वाटायचं.

त्या चैत्रात मात्र तिचा संशय जाऊन बसला तो सोमाजीवर. सोमाजी कुणी परका नव्हे. तिच्या धाकट्या बहिणीचा, मंगलचा नवरा. दोघी बहिणी एकाच वाडीत दिलेल्या, मधला बोळ ओलांडला की घर. त्यांचं माहेरचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, आईबाप कधीच वारलेले, पाठीला भाऊ नाही. मंगलच्या चुलीपाशी पाय पसरून बसायचं आणि तिच्या हातचा चहा प्यायचा, एवढंच काय ते बायडाबाईचं माहेर उरलं होतं. सोमाजी चोर ठरला तर आपलं काय जाणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक असूनही डोकं थांबेना, त्याला कोण काय करणार?

झालं होतं ते असं. दोन वर्षांमागं भाद्रपदात वाडीच्या मासेमारी सोसायटीनं धरणाच्या पाण्यात झिंग्याचं बी सोडलं. आपल्या ओढ्यातले बारके झिंगे वेगळे. हा मोठ्या जातीचा, लांब निळ्या नांग्यांचा, ज्याला बाजारात जंबो म्हणतात तो. कोकणातून गाडीत पिशव्या भरून आलेली ती पिल्लं म्हणजे कडुलिंबाच्या काडीचे तुकडे. सोसायटीचा सेक्रेटरी दादाभाऊ, वाडीतल्या एकुलत्या किराणा दुकानाचा मालक, पिशवी उजेडात धरून म्हणाला होता की हे किडे मोठे होण्याआधी आपणच म्हातारे होऊ. पुढच्याच चैत्रात जाळी ओढली तेव्हा त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. एकेक झिंगा पंजाएवढा. पुण्याचा व्यापारी बर्फाची खोकी घेऊन थेट काठावर येऊन बसला.

त्यात माद्या होत्या, आणि माद्यांच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचे घोस होते. ते दिसल्याबरोबर बायडाबाईनं पाटीत हात घातला आणि मादी वेगळी काढली.

"हिला न्हाई इकायची," ती म्हणाली. "ही लेकुरवाळी हाय."

डोंगरातल्या माणसाला ह्याहून जास्त सांगावं लागत नाही. पावसाळ्यात खेकडे धरायला गेलं, की खेकडी आधी उताणी करायची आणि पोटावरची झडप उचलून बघायची. आत बाजरीच्या दाण्याएवढी पिल्लं वळवळत असली, तर तिला जिथं धरली तिथंच, त्याच दगडाखाली परत ठेवायची. खेकड्याची पिल्लं आईच्या पोटाखालीच अंड्यातून निघतात, तिथंच पाय फुटून तयार होतात आणि मगच बाहेर पडतात. आई राहिली तर पुढच्या साली खेकडे. उपासमारीच्या दिवसांतही वाडीनं हा नेम मोडला नव्हता. म्हणूनच खालच्या गावांचे ओढे ओस पडले, तरी ह्यांच्या ओढ्यात दगड उचलला की खेकडा पळायचा.

बैठकीत बायडाबाईनं तोच नेम झिंग्याला लावला. दादाभाऊ तर खूश झाला, कारण लेकुरवाळ्या पाण्यात राहिल्या म्हणजे दरसाल बी आणायची कटकट मिटली. ठराव झाला. काही जण कुरकुरले, की सगळ्यात वजनदार मालच परत पाण्यात टाकायचा का? पण बायडाबाई रोज सकाळी काठावर येऊन बसायची आणि प्रत्येकाची पाटी उपडी करायला लावायची. तिच्या नजरेतून मादी निसटणं अवघड. उन्हाळाभर आणि मग पावसाळाभर वाडीनं लेकुरवाळ्या सोडल्या, आणि पुढच्या चैत्राकडं डोळे लावले. त्या साली झिंग्याचं बी कुणी आणलं नाही.

चैत्र आला. जाळ्यात कटला आला, मरळ आला, झिंगा मात्र येईना. आलाच तर एखादा म्हातारा नर, नाहीतर गेल्या सालची थोराड मादी, पोटाखाली पुन्हा नारिंगी घोस घेऊन. बारकं पिल्लू एक म्हणून दिसेना.

"आया हायती," बायडाबाई म्हणाली, "मंग लेकरं कुटं गेली?"

वाडीला ह्या सवालाचं एकच उत्तर सुचलं, की कुणीतरी चोरली. खाली पेठ-मंचरकडं शेततळ्यांचा सुळसुळाट. बारीक कापडानं पिल्लं गाळायची, बादलीत भरायची आणि शेततळ्यावाल्याला नेऊन द्यायची, त्यात काय अवघड आहे? मग काय, जो तो दुसऱ्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागला. ज्याची बादली झाकलेली तो चोर, आणि ज्याची उघडी तो जास्त बेरकी. काठावर एकत्र बसून तंबाखू मळणारी माणसं आपापली चंची खिशात घालून लांब लांब बसू लागली.

बायडाबाईला तर आयतं रान मिळालं. तिनं एकेकाला मनात उभा करून तपासला आणि सोडून दिला. सोमाजीला मात्र सोडता येईना. त्याच्या कुडावर मच्छरदाणीचं कापड वाळत घातलेलं तिनं स्वतः पाहिलं होतं, आणि त्याच्या घरात मच्छरदाणी कधी कुणी बांधलेली नव्हती. वरून तो अधूनमधून फडकं बांधलेली बादली घेऊन एसटीनं पेठेला जायचा. पेठेला त्याची लेक सोनल दिलेली, हे खरं. पण लेकीकडं जाणारा बाप पिशवी नेतो, बादली कशाला नेईल? शिवाय गाडीच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून पाण्यात शिरण्यात त्याचा हात वाडीत कुणी धरत नव्हतं. ज्याला येतं तोच करतो, असं बायडाबाईचं गणित.

एकदा ती नेहमीसारखी मंगलकडं चहाला गेली आणि सहज विचारल्यासारखं बोलली, की पावणं दिसत नाहीत ते. मंगल म्हणाली, पेठेला गेलेत. बायडाबाई म्हणाली, बादली घेऊन? मंगलचा पीठ मळता हात थांबला. तिनं बहिणीकडं सरळ बघितलं.

"आक्का, तुला काय ईचारायचं ते नीट ईचार."

बायडाबाई म्हणाली, कुठं काय, आपलं बोलण्यावरून बोलणं. तिनं चहा संपवला आणि उठली. त्या दिवशी तिनं विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण संशयी माणसाची हीच तर खोड असते, की सरळ विचारलं तर उत्तर मिळेल आणि मग करायला काही उरणार नाही.

ती घरी न जाता दादाभाऊच्या दुकानात गेली. कापडाचं सांगितलं, बादलीचं सांगितलं. नाव घेतलं नाही, पण वाडीत सोमाजीशिवाय बादली घेऊन पेठेला जाणारा दुसरा होता कोण? दादाभाऊनं एकेक शब्द नीट ऐकला आणि मंगळवारी कळमजाईच्या देवळात सगळ्यांना बोलावलं. बेलभंडार उचलायचा. बेलाचं पान आणि भंडाऱ्याची चिमूट तळहातावर घ्यायची आणि देवीसमोर म्हणायचं, की मी पाण्यातली लेकुरवाळी घेतली नाही आणि तिची लेकरंही घेतली नाहीत. खोटं बोललेल्याचं देवी बघून घेते, हे वाडीत शेंबड्या पोरालाही माहीत.

सगळ्यात आधी बायडाबाईनं उचलला. तिचे हात स्वच्छ होते, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. मग दादाभाऊनं उचलला, मग एकामागून एक सगळ्यांनी. कुणाचा आवाज बसला, कुणी घाईघाईनं बोलून मोकळा झाला. सोमाजीची पाळी आली तेव्हा तो पुढं झाला, ताटाकडं बघत उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"मी न्हाई उचलनार," तो म्हणाला.

का, म्हणून दादाभाऊनं विचारलं. सोमाजी काही बोलेना. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. बायकांत उभ्या असलेल्या मंगलनं बायडाबाईकडं बघितलं. थोरली बहीण आहे, तिच्या शब्दाला वजन आहे, ती एक शब्द तरी बोलेल, असं ते बघणं होतं. बायडाबाईनं ताटातल्या भंडाऱ्यावरून नजर हलवली नाही. माझं खरं ठरलं, हा पहिला विचार तिच्या मनात आला. मंगलचं काय होणार, हा त्याच्या मागून आला. पण तोवर दादाभाऊ बोलून चुकला होता.

सोमाजीचं नाव सोसायटीतून कमी झालं. पाण्यात जाळं टाकायचं नाही, काठावर यायचं नाही. त्याचं शेत त्याच पाण्याखाली गेलेलं, उरलेल्या वरकस तुकड्यात नाचणी व्हायची ती दिवाळीला संपायची. पाणी बंद म्हणजे चूल बंद. पेरणीच्या आधीच दोघं घराला कुलूप लावून ओतूरकडं निघाली, कुणा बागायतदाराच्या मळ्यात राखणीला. मंगल डोक्यावर बोचकं घेऊन बोळातून गेली. बायडाबाई दारातच उभी होती. मंगलनं वळून बघितलं नाही.

मग सगळा पावसाळा बायडाबाईनं कसा काढला, ते तिचं तिला ठाऊक. चहाची वेळ झाली की पाय आपोआप बोळाकडं वळायचे आणि कुलूप बघून माघारी फिरायचे. नवरा कधीच वारलेला, लेक चाकणला कंपनीत, घरात बोलायला भिंती. तिला मंगलची फार आठवण यायची आणि आठवण आली की रागही यायचा, की चोराला बायको मिळाली ती माझीच बहीण का? असा उलटसुलट जीव खाऊन ती अर्धी झाली. आणि गंमत बघा, चोर गेला तरी पाण्यात पिल्लं काही आली नाहीत.

भाद्रपदात माशांचं बी घेऊन गाडी आली. गाडीबरोबर समृद्धी नावाची एक मुलगी होती, मासळीचं शिक्षण घेऊन बीज केंद्रात लागलेली. तिला मासे मोजून देताना बघत बायडाबाई बराच वेळ उभी राहिली. मग जवळ जाऊन तिनं विचारलं, की झिंग्याची पिल्लं नेमकी कुठं लपतात आणि चोरायची तर कशानं चोरतात.

समृद्धीला आधी कळेना. सगळी हकिकत ऐकल्यावर ती हातातलं काम ठेवून गाडीच्या पायरीवर बसली.

"मावशी, ती पिल्लं तुमच्या धरणात जगतच नाहीत," ती म्हणाली. "अंडी फुटतात, पण ह्या झिंग्याच्या पिल्लांना लहानपणी खारट पाणी लागतं. आई नदीतून उतरून खाडीकडं जाते, पिल्लं तिथं वाढतात आणि थोडी मोठी झाली की नदी चढून गोड्या पाण्यात येतात. इथून समुद्र कुठं आणि धरणाची भिंत कुठं? म्हणून बी दरवर्षी आणावं लागतं. खेकड्याचा तुमचा नेम बरोबर आहे, तो मोडू नका. पण झिंग्याला तो लागू पडत नाही. झिंगा लहान असताना धरू नका, मोठा झाला की मादी असो की नर, बिनधास्त काढा."

बायडाबाईनं मान डोलावली आणि मनात म्हणाली, आपल्या ताकाला आंबट कोण म्हणेल? बी विकणारीच सांगणार ना, की बी विकत घ्या. पोरगी गोड बोलते, म्हणजे नक्की पाणी मुरतंय. हिचं खोटं पकडायचं तिनं ठरवलं, आणि खरं सांगायचं तर किती तरी दिवसांनी तिला जरा हुशारी वाटली.

तिच्या जाळ्यात एक जुनी लेकुरवाळी आलेलीच होती. ती तिनं सोडली नाही. घरी प्लास्टिकच्या टपात धरणाचं पाणी भरलं आणि मादी त्यात ठेवली, वर पाटी झाकली. येता-जाता ती तांब्यानं पाणी वर उचलून ओतायची, जिवाला हवा मिळावी म्हणून. नारिंगी अंडी हळूहळू राखाडी झाली, आणि एका सकाळी टपात जिकडंतिकडं बारीक ठिपके पोहत होते. उताणे, शेपटीकडून पुढं जाणारे. जातच उलट्या डोक्याची, बायडाबाई पुटपुटली. पण तिला हसू आलं. बघ म्हणावं त्या पोरीला, झाली की नाही लेकरं?

मग तिनं दुसरा टप घेतला, त्यातही तेच पाणी भरलं आणि खडेमीठ घातलं. किती घालायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. आमटीला घालतो तेवढं घालून तिनं जिभेला लावून बघितलं, आणि वाटीनं निम्मी पिल्लं त्यात सोडली. खाऊ म्हणून दोन्हीकडं उकडलेल्या अंड्याच्या बलकाचे कण टाकले. खारट पाण्यातली आधी मरणार आणि पोरीची थाप उघडी पडणार, ह्याबद्दल तिला शंका नव्हती.

मेली ती गोड्या पाण्यातली. आधी थोडी, मग रोज जास्त, आणि पाचेक दिवसांत तो टप पार निवळला. तळाशी फक्त पांढरट गाळ. शेजारच्या खारट टपात मात्र बरीचशी पिल्लं उताणी होऊन खुशाल फिरत होती. बायडाबाईनं गोड्या टपातलं पाणी ओंजळीत घेऊन उन्हात धरलं. त्यात एक जिवंत ठिपका नव्हता.

ती तिथंच जमिनीवर बसली. म्हणजे चोर कुणी नव्हताच. काठावर बसून तिनं सगळ्यांच्या पाट्या उपड्या केल्या, माणसांच्या हातातला घास काढून पाण्यात टाकला, तो असा मरायला टाकला. आणि जो चोर जन्मालाच आला नव्हता, त्याच्यापायी तिनं स्वतःच्या बहिणीचं घर उठवलं. बायडाबाई रडली. पदर तोंडात घालून नाही, चांगली मोठ्यानं रडली, कारण ऐकायला बोळाच्या पलीकडं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि दोन्ही टप दाखवले. दादाभाऊनं आधी दोन्हीकडं बोट बुडवून चाटून बघितलं. मग म्हणाला, गोड्या टपात तू साबणाचं पाणी टाकलं नसशील कशावरून? लोक हसले. बायडाबाईनं ते ऐकून घेतलं, दुसरं काय करणार? जिनं साऱ्या वाडीला असे सवाल शिकवले, तिला आता ते परत मिळत होते. एकानं तर तोंडावर सुनावलं की बाई, तुझ्या त्या नेमानं वर्षभर आमच्या कालवणाची माती झाली. तेही तिनं ऐकलं.

"ते समदं ठीक हाय," शेवटी दादाभाऊ म्हणाला. "पर मंग सोमाजीनं भंडार का न्हाई उचलला?"

"चोरीच झाली न्हाई तर चोर कसला, दादाभाऊ?" बायडाबाई म्हणाली. "त्याचं नाव परत लाव. मी त्याला आनते."

नाव लागलं. मनापासून नव्हे, पण लागलं. बायडाबाई घोडेगावला उतरून जुन्नरच्या गाडीत बसली आणि तिथून ओतूरच्या. सगळ्या वाटेनं तिनं मनात एकच वाक्य घोळवलं, की मंगल, माझं चुकलं, चल घरी. मधेच तिला वाटायचं, पण मग त्या बादलीत होतं तरी काय? ती मान झटकायची आणि पुन्हा पहिलं वाक्य धरायची.

ओतूरच्या स्टँडवर विचारत विचारत ती मळ्यात पोचली. कांदा साठवायच्या बराखीला लागून पत्र्याची एक खोली होती, तिच्या दारात मंगल लसूण सोलत होती. बहिणीला बघून ती लगेच उठली नाही, पण मग आत जाऊन तिनं चहा ठेवला. सोमाजी पाइपलाइनीवरून आला, पाय धुतले आणि उंबऱ्यावर बसला. बायडाबाईनं सगळं सांगितलं. खाडीचं, मिठाचं, दोन टपांचं. माझं चुकलं, हेही म्हणाली.

सोमाजीनं ओले पाय फडक्यानं पुसले.

"बादलीत खेकडे असायचे, आक्का," तो मग म्हणाला. "सोनलच्या सासऱ्याला लई आवडत्यात. अन् कापड नाचनीच्या रोपावर टाकायला आनलं व्हतं, पाखरं बसू नयेत म्हनून. मला कुनी ईचारलंच न्हाई. समद्यांनी देवीला ईचारलं."

"मंग भंडार का न्हाई उचलला?"

"ते मी सांगते," मंगल म्हणाली. "एक लेकुरवाळी आमच्या घरात आली व्हती. मला ताप व्हता, तोंडाला चव न्हवती. समदी वाडी झिंगा धरती अन् इकती, पर तो लागतो कसा ते मला ठावं न्हवतं. मीच म्हनले, एक आना. रातच्याला आनली ती नेमकी अंड्याची निघाली. मी खाल्ली. ह्यांनी बोट बी लावलं न्हाई. पर देवीम्होरं खोटं बोलायचं न्हाई, अन् बायकोचं नाव बी घ्यायचं न्हाई, म्हनून हात माघारी नेले."

देवळात घाईघाईनं शपथ घेऊन मोकळे झालेले एकेक चेहरे बायडाबाईच्या डोळ्यांपुढून गेले, आणि कुणाकुणाच्या घरात रस्सा झाला असेल ते तिला आता सहज कळलं. खरं बोलणारा एकच निघाला होता, आणि त्यालाच तिनं हाकलला होता.

"म्हंजी येवढ्या सोडल्या," ती डोळे पुसत म्हणाली, "त्यात कामी आली ती तेवढी एकच म्हनायची. तुज्या पोटात गेलेली."

मंगलला आधी हसू आलं. मग सोमाजीला आलं, मग तिघंही हसायला लागली. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं त्या हसण्यात वाहून गेल्यासारखं झालं. सोमाजी म्हणाला, मालकाला सांगून ह्या आठवड्याचं काम उरकतो, मग निघू. आणि उठून त्यानं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, सामान भरायला. मंगल अजून हसत होती. हसता हसता तिनं मान वळवली आणि दारातलं ऊन तिच्या कानावर पडलं. कानात पिवळीधमक फुलं होती. नवी. वाडीत असताना हिच्या कानात काडी असायची.

बायडाबाईनं काही मनात आणलं नाही, अगदी शपथेवर. पण नजर गेली ती गेलीच, आणि तिथं जरा जास्त वेळ थांबली. राखणदाराच्या बायकोच्या कानात सोनं?

मंगलचं हसू थांबलं. बहिणीची ही नजर तिला जन्मापासून ओळखीची होती.

"बेंटेक्सची हायती," ती म्हणाली. "इथल्या बाजारातली."

"मी कुटं काय ईचारलं?" बायडाबाई म्हणाली.

"न्हाई ईचारलंस. तू कवाच ईचारत न्हाईस, आक्का." मंगलनं एक फूल कानातून काढलं, बहिणीचा हात ओढला आणि तिच्या तळहातावर ठेवलं. "घे, वजन करून बघ."

फुलाला वजन नव्हतंच. बायडाबाईला ना मूठ मिटता येईना, ना ते परत देता येईना. मंगल उठली आणि चहाचे कप गोळा करून मोरीकडं गेली. सोमाजीनं दोघींकडं बघितलं, पेटीचं झाकण लावलं आणि ती उचलून पुन्हा माळ्यावर ठेवली.